हाताला पडलेले भोक

दिवाळीचा आकाशकंदील विकत आणायचा नाही, घरीच करायचा, असा आमच्याकडे एक जुना दंडक आहे. तो कुणी घातला हे आता कुणालाच आठवत नाही. पण मोडायची छातीही कुणाची होत नाही. त्यामुळे वसुबारसेच्या आधीचा रविवार आमच्या घरी खळ, काड्या, जिलेटिनचा कागद आणि भांडणे यांत जातो. गेल्या वर्षी या धांदलीत माझी सात वर्षांची नात जाड कागदाचा एक उरलेला तुकडा घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आजी, याचं काय करू?"

मी त्याची गुंडाळी करून एक वीतभर लांबीची नळी केली. "ही उजव्या डोळ्याला लाव. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, मिटायचा एकही नाही. आता डाव्या हाताचा तळवा असा उभा धर, नळीला अगदी चिकटवून. आणि नळीतून लांब खिडकीकडे बघ."

क्षणभर शांतता. मग किंकाळी. "आई गं! माझ्या हाताला भोक पडलं!"

सूनबाईंच्या हातातली खळीची वाटी पडता पडता वाचली. पाच मिनिटांत सगळे घर आपापल्या हातांना भोके पाडून घेण्यात गुंतले. बँकेत अधिकारी असलेल्या माझ्या चिरंजीवांनीही चष्मा सारखा करून आपले भोक गंभीरपणे तपासून पाहिले.

"आता नळी डाव्या डोळ्याला लाव," मी नातीला म्हटले.

"कशाला? बघितलं की!"

"तरी लाव."

तिने लावली. भोक या हातालाही पडले. मी निर्धास्त झाले, तेव्हा सून हसून म्हणाली, "आई, तुमचं हे नेहमीचंच. परवा शेजारच्या मुलालाही तुम्ही दोन्ही डोळ्यांनी बघायला लावलंत. एका डोळ्याने गंमत पुरत नाही का?"

मी त्या वेळी काही बोलले नाही. कंदिलाची शेपटी चिकटवायची राहिली होती. पण त्या सवयीला एक कारण आहे, आणि ते १९७६ सालचे आहे.

१९७१ साली मी गिरगावातल्या एका मराठी शाळेत प्राथमिक वर्गांवर शिक्षिका म्हणून लागले. वय बावीस. पदविका नवी कोरी, पाठांची टाचणे मोत्यांसारख्या अक्षरात लिहिलेली, आणि मुलांविषयीचे माझे ज्ञान जवळजवळ शून्य. शुक्रवारचा शेवटचा तास गोष्टींचा असे. मी पंचतंत्रातली किंवा इसापाची एखादी गोष्ट सांगायची आणि शेवटी विचारायचे, "तर मुलांनो, या गोष्टीचं तात्पर्य काय?" तीन-चार आठवडे हे चालले. पाचव्या शुक्रवारी मी तोंड उघडण्याआधीच मागच्या बाकावरून एकाने विचारले, "बाई, तात्पर्य आधीच सांगता का? म्हणजे लिहून घेतो आणि मग गोष्ट ऐकतो."

मी रागावले. घरी जाताना ट्राममध्ये हसले असे लिहिणार होते, पण ट्राम मुंबईतून १९६४ सालीच गेली होती. तेव्हा बसमध्ये हसले. दुसऱ्या दिवशी हे मी आमच्या मोठ्या बाईंना सांगितले. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. नऊवारी लुगडे, करडा आवाज. पण तरुणपणी त्यांनी बोर्डीला राहून ताराबाई मोडकांचे बालशिक्षणाचे काम जवळून पाहिले होते. त्यांनी कपाटातून एक जीर्ण पुस्तक काढून माझ्यापुढे टाकले. गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न'ची ती हिंदी प्रत होती.

गिजुभाई (१८८५–१९३९) हे मूळचे वकील. वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत मुलांमध्ये रमले. ताराबाईंनी तिथेच त्यांच्याबरोबर काम केले आणि १९२६ साली दोघांच्या पुढाकाराने नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. 'दिवास्वप्न'मधला शिक्षक असाच उत्साहाने फुरफुरत वर्गात जातो, मुलांना शांततेचा खेळ खेळायला सांगतो, आणि मुले त्याची पुरती फजिती करतात. दुसऱ्या दिवशी तो शहाणा होऊन नुसती गोष्ट सांगायला लागतो, तेव्हा वर्ग चिडीचूप होतो. ते वाचून मला मोठाच दिलासा मिळाला. फजिती झालेली मी पहिलीच नव्हते.

पुढच्या शुक्रवारपासून तात्पर्य बंद झाले आणि साखळीची गोष्ट सुरू झाली. जुन्या साडीच्या चिंध्यांचा मी एक चेंडू शिवला. पहिले वाक्य माझे. मग चेंडू कुणाकडे तरी टाकायचा. ज्याने झेलला त्याने पुढचे एक वाक्य सांगायचे आणि चेंडू दुसऱ्याकडे टाकायचा. नियम दोनच. कुणाला मारून टाकायचे नाही, कारण एका मुलाने पहिल्याच दिवशी राजा, राणी, प्रधान आणि वाघ अशा सगळ्यांना एका वाक्यात संपवले होते. आणि 'ते सगळं स्वप्न होतं' असे म्हणायचे नाही. घरी हा खेळ करून पाहणाऱ्या आयांना माझा सल्ला असा, की मधे आपण गोष्ट 'सुधारू' नये. मुलांच्या गोष्टीत हत्तीला पोस्टात नोकरी लागते. लागू द्यावी.

डोळ्यांच्या गमती या तासात आल्या त्या माझ्या आजीमुळे. आजीचे माहेर कल्याणचे. तिथल्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले होते. त्याला त्यांनी नाव दिले होते 'शांबरिक खरोलिका'. काचेच्या पट्ट्यांवर बारीक रंगवलेली चित्रे कंदिलातून पडद्यावर टाकायची आणि बरोबर कथा सांगायची. पट्ट्या अशा काही झराझर बदलत, की चित्रातली माणसे हलल्याचा भास होई. आजीने लहानपणी तो खेळ पाहिला होता, आणि म्हातारपणीही ती शपथेवर सांगे, की चित्रातल्या बाईने मान वळवून तिच्याकडे पाहिले. "भास गं तो," असे आजोबा म्हणाले की ती फणकारे, "भास असेल, पण बघितलं मीच ना?"

तेव्हा गोष्ट रेंगाळायला लागली की मी एखादी गंमत काढायची. पुठ्ठ्याच्या चकतीवर एका बाजूला पोपट, दुसऱ्या बाजूला पिंजरा काढायचा. पिंजरा मात्र उलटा काढायचा, हे विसरायचे नाही. दोन्ही कडांना दोरे बांधून चकती गरगर फिरवली की पोपट पिंजऱ्यात. हे खेळणे १८२५ च्या सुमारास लंडनमध्ये निघाले. पहिले चित्र डोळ्यांपुढून गेले तरी त्याचा ठसा क्षणभर मनात राहतो, आणि तेवढ्यात दुसरे येते. वाटीच्या तळाशी नाणे ठेवून, ते काठाआड जाईपर्यंत मागे सरकायचे, मग कुणीतरी हळूच पाणी ओतले की नाणे आपोआप वर येते. ही गंमत तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीकांनाही ठाऊक होती.

फळ्यावर मी दोन सारख्याच रेघा काढल्या. एकीच्या टोकांना बाणाची टोके आत वळवलेली, दुसरीच्या बाहेर उघडणारी. म्युलर-लायर नावाच्या जर्मनाने १८८९ साली ही आकृती प्रसिद्ध केली. दुसरी रेघ लांब आहे यावर वर्गाचे एकमत झाले. एका मुलीला पट्टीने मोजायला लावले. तिने मोजले, पुन्हा मोजले, पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि जाहीर केले, "बाई, पट्टी चुकतेय." गंमत अशी, की मोजून झाल्यावरही ती रेघ लांबच दिसते. ज्ञान झाले म्हणून डोळे ऐकत नाहीत.

आणि ते चित्र, ज्यात पांढरी फुलदाणी पाहावी तर फुलदाणी, आणि दोन्ही बाजूंचा काळा भाग पाहावा तर समोरासमोर दोन चेहरे. डेन्मार्कच्या एडगर रुबिन यांनी १९१५ साली हे चित्र प्रसिद्धीला आणले. मी ते कागदावर काढून नेले आणि कुणाला काही न सांगता गोष्ट रचायला सांगितली. अर्ध्या वर्गाने राजाच्या सोन्याच्या पेल्याची गोष्ट सुरू केली. उरलेला अर्धा वर्ग चवताळून उठला: पेला कुठला, या तर नळावर भांडणाऱ्या दोन शेजारणी! गिरगावातली मुले, नळावरचे भांडण त्यांना पेल्यापेक्षा ओळखीचे. तास संपेपर्यंत दोन्ही पक्ष एकमेकांना खोटे म्हणत होते. मला त्या दिवशी वाटले, की आपण मुलांना केवढी मोठी गोष्ट शिकवली! दोघांना वेगवेगळे दिसू शकते आणि दोघेही खरे असू शकतात. हे मी टाचणवहीत लिहूनही ठेवले. लिहून ठेवलेले आणि कळलेले यांत किती अंतर असते, ते मला लवकरच समजणार होते.

१९७६ च्या जूनमध्ये माझ्याकडे तिसरीचा वर्ग आला. त्यात एक मुलगा होता. त्याचे नाव सांगत नाही. वर्ग त्याला 'थापाड्या' म्हणे, आणि मनातल्या मनात मीही म्हणत असे. वडील एका छापखान्यात खिळे जुळवण्याच्या कामावर, घरी आई, आजी आणि दोन धाकटी भावंडे. मुलगा किडकिडीत, आवाज मोठा. शाळेत येताना चर्नी रोडवर आपण सर्कशीतला उंट पाहिला, रात्री चाळीच्या गच्चीवर विमान उतरले, असे काहीतरी रोजच असे. साखळीच्या गोष्टीत मात्र त्याची वाक्ये सगळ्यांत देखणी असत. "राजा इतका आळशी होता की त्याच्या मिशीत चिमणीने घरटं बांधलं," हे त्याचे वाक्य मला अजून आठवते. अडचण एवढीच, की त्याला चेंडू कधी झेलता यायचा नाही. चेंडू छातीवर आपटायचा, नाहीतर कानाजवळून जायचा. वर्ग हसायचा, तोही हसायचा. माठातले पाणी घेताना निम्मे पेल्याबाहेर सांडायचे. शिवणाच्या तासाला सुईत दोरा ओवायला त्याला सगळ्यांच्या दुप्पट वेळ लागे. मी त्याला वेंधळा ठरवले होते. पाणी सांडले म्हणून एकदा हातावर पट्टीही मारली होती.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी मी मुलांना बोटांची गंमत दाखवली. दोन्ही हातांच्या तर्जन्या डोळ्यांपुढे वीतभर अंतरावर एकमेकींना टेकवायच्या आणि नजर त्यांच्यापलीकडे भिंतीवर ठेवायची. दोन बोटांच्या मध्ये तिसरे एक तुटके बोट तरंगताना दिसते, दोन्ही टोकांना नखे असलेले. वर्गात एकच गिल्ला झाला. कुणाला भेंडी दिसली, कुणाला शेंगदाणा. त्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "मला बाहुली दिसते. तिला परकर आहे. ती नाचतेय."

वर्ग हसला आणि माझा तोल गेला. "थापा पुरे. जे दिसतं तेच सांगायचं. दिसत नसेल तर नाही म्हणायचं. कळलं?"

त्याने मान हलवली.

पुढच्या शुक्रवारी मी वर्तमानपत्राच्या नळ्या करून नेल्या. ओळीओळीने मुलांच्या हातांना भोके पडत गेली. बाके वाजली, शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन बघून गेल्या, त्यांनाही मी एक भोक पाडून दिले. तो मात्र नळी लावून गप्प बसला होता.

"पडलं का रे भोक?"

"नाही, बाई."

"नीट धर. दोन्ही डोळे उघडे आहेत ना?"

"आहेत, बाई. मला नुसती खिडकी दिसते. हात दिसतच नाही."

आतापर्यंत असे कधी झाले नव्हते. सगळ्यांना दिसणारी गोष्ट याला तेवढी दिसत नाही म्हणजे याला पुन्हा लक्ष वेधून घ्यायचे आहे, असे मी धरले. मागच्या वेळी सगळ्यांपेक्षा जास्त दिसले, या वेळी सगळ्यांपेक्षा कमी. "उभा राहा बाकावर," मी म्हटले.

तो उभा राहिला. रडला नाही. थोड्या वेळाने फक्त म्हणाला, "बाई, तुम्हीच सांगितलं होतं, नसेल दिसत तर नाही म्हणायचं."

घंटा झाली, मुले गेली. मी फळा पुसत होते, पण ते वाक्य काही पुसले जाईना. तो दप्तर भरत होता. मी त्याला जवळ बोलावले आणि नळी दुसऱ्या, डाव्या डोळ्याला लावायला सांगितली.

"आता?"

"आता नुसता हात दिसतो. नळीतलं काहीच नाही."

नळी उजव्या डोळ्याला लावली तर नुसती खिडकी. डाव्या डोळ्याला लावली तर नुसता हात. म्हणजे दोन्ही वेळा उजव्या डोळ्यापुढे जे होते तेवढेच. माझ्या पोटात काहीतरी हलले. मी त्याचा उजवा डोळा माझ्या तळहाताने पूर्ण झाकला. "फळ्यावर काय लिहिलंय?"

"फळा आहे. अक्षरं नाहीत. धूर आहे."

"कधीपासून असं दिसतं तुला?"

तो बुचकळ्यात पडला. प्रश्नच त्याला समजला नाही. "डावा डोळा असाच असतो ना, बाई?" तो म्हणाला. "सगळ्यांचा?"

या गमतीमागचे कारण सांगतो तसे सोपे आहे. आपले दोन डोळे मेंदूकडे दोन वेगवेगळी चित्रे पाठवत असतात, आणि मेंदू त्यांचे एक करतो. एका डोळ्याने नळीतला प्रकाशाचा गोल पाठवला आणि दुसऱ्याने तळहात, की मेंदू गोल तळहातावर नेऊन बसवतो. झाले भोक. पण त्यासाठी दोन्ही डोळ्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. त्याचा मेंदू एकाचेच ऐकत होता.

हे मला अर्थात त्या दिवशी कळले नाही. नंतर डॉक्टरांनी सांगितले. त्या दिवशी मी एवढेच केले, की मुलाला हाताला धरून त्याच्या घरी गेले. वडील नुकतेच कामावरून आले होते. माझे बोलणे त्यांनी अदबीने ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही सज्जन आहात, म्हणून भुललात. पोरगं थापा मारतं. चष्म्याची हौस आली असेल त्याला. आमच्या घराण्यात कुणाला चष्मा नाही."

आतून आजी म्हणाली, "शाळेत डॉक्टर येऊन गेले की गेल्या साली. तक्ता घडाघडा वाचला म्हणाले यानं."

मी मुलाकडे पाहिले. तो चाचरत म्हणाला, "पुढची मुलं मोठ्यानं वाचत होती. मला पाठ झालं."

मग मी वडिलांच्याच हाती नळी दिली. त्यांच्या तळहाताला भोक पडले. ते दचकून हसले. मुलाचा उजवा डोळा त्यांना झाकायला लावला, बोटे फाकवू नका म्हणून बजावले, आणि त्यांच्याच छापखान्यातून आलेली एक हस्तपत्रिका भिंतीशी धरली. मथळ्याची अक्षरे इंचभर उंच होती. मुलगा बघत राहिला. बघत राहिला आणि मग, सवयीने, बापाला बरे वाटावे म्हणून, काहीतरी भलतेच वाचू लागला. सत्यनारायणाची पूजा म्हणून त्याने सांगितले. ती होती सर्दीच्या मलमाची जाहिरात.

वडिलांनी हात खाली घेतला. पुष्कळ वेळाने म्हणाले, "मी दिवसभर उलटी अक्षरं सुलटी वाचतो, बाई. हे वाचता नाही आलं."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, की डावा डोळा वरून अगदी निरोगी आहे. त्याला जन्मापासून मोठा नंबर असावा, उजव्याला जवळजवळ नाही. डाव्याचे चित्र सतत अंधुक येत राहिल्यामुळे मेंदूने त्याच्याकडे पाहणेच सोडून दिले आहे. याला आळशी डोळा म्हणतात, पण ते नाव मला अन्यायाचे वाटते, कारण आळस डोळ्याचा नसतोच. दोन डोळ्यांची मिळून जी अंतराची अचूक जाण येते ती अशा मुलाला येत नाही. म्हणून चेंडू झेलता येत नाही, पाणी पेल्याबाहेर जाते, दोरा सुईच्या बाजूने जातो. डॉक्टर हे एक एक सांगत होते आणि मला माझी पट्टी आठवत होती.

"वय?" त्यांनी विचारले.

"आठ पुरी झाली."

"उशीर झालाय. प्रयत्न करू." त्या काळी सात-आठ वर्षांनंतर फारसा उपयोग होत नाही असे समजत. आता डॉक्टर सांगतात, की त्यापुढच्या मुलांनाही काही प्रमाणात गुण येतो; तरी जितके लवकर तितके बरे हे खरेच. उपाय मोठा विचित्र होता: डाव्याला चष्मा, आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी. धडधाकट डोळा बांधून ठेवायचा, म्हणजे दुसऱ्याला काम करावेच लागते. अलीकडे दिवसातले काही तासही पुरतात असे दिसून आले आहे. तेव्हा मात्र दिवसभर बांधायला सांगत.

चष्म्याचे पैसे वडिलांनी जादा पाळ्या करून उभे केले. मी देऊ केले होते, ते घेतले नाहीत.

पुढच्या शुक्रवारी मी वर्गाला सांगितले, "त्या दिवशी हा खरं बोलत होता. मी त्याला खोटं ठरवलं. माझी चूक झाली." बाईंची चूक होऊ शकते ही बातमी पचवायला वर्गाला बराच वेळ लागला. मोठ्या बाईंना ते कळल्यावर त्या फक्त म्हणाल्या, "बाकावर उभं केलंत तेव्हा वर्ग भरलेला होता ना? मग बरोबर केलंत."

पण पट्टी बांधून तो पहिल्यांदा आला, तो दिवस वाईट गेला. जिन्यावरच कुणीतरी 'काण्या' म्हणून हाक मारली. वर्गात तो शेवटच्या बाकावर जाऊन डोके खाली घालून बसला. पट्टीमुळे त्याला आता धूरच दिसत होता. फळा गेला, पुस्तक गेले, मुलांचे चेहरेसुद्धा गेले. उरले होते ते कान आणि तोंड. मी गणिताचे पुस्तक मिटले आणि चिंध्यांचा चेंडू काढला. तो शुक्रवार नव्हता, मंगळवार होता.

"एका घरात दोन भाऊ राहत होते," मी सुरुवात केली. "घराला दोन खिडक्या होत्या. थोरला भाऊ दिवसभर आपल्या खिडकीत उभा राहून आल्यागेल्याची खबर द्यायचा. धाकटा आपल्या खिडकीत झोपून राहायचा. कारण त्याला कधी कुणी काही विचारलंच नव्हतं."

एक बदल मी केला. चेंडू टाकायचा नाही. उठून जाऊन दुसऱ्याच्या हातात द्यायचा. कुणी कारण विचारले नाही. चेंडू फिरत फिरत शेवटच्या बाकाकडे गेला. एका मुलीने तो त्याच्या हातात ठेवला. बराच वेळ काही नाही. मग खाली घातलेल्या डोक्यातून आवाज आला, "एके दिवशी राजाने थोरल्या भावाला गावाला पाठवलं आणि त्याच्या खिडकीला कुलूप लावलं. धाकट्याला जाग आली तर बाहेर सगळा धूर. त्यानं विचारलं, हा धूर कुणी केला?"

ती गोष्ट वर्षभर चालली. माझ्या नोकरीतली ती सगळ्यांत लांब गोष्ट. थोरला भाऊ काशीपर्यंत जाऊन आला. हत्ती पोस्टातून निवृत्त झाला. धुरातून आधी झाडे निघाली, मग त्यांवरची पाने. पाने दिसली असे त्याने सांगितले त्याच आठवड्यात डॉक्टरांकडच्या तक्त्यावरची एक ओळ त्याला जास्त वाचता आली होती, हे वडिलांनी मला नंतर सांगितले. एकदा एका चुणचुणीत मुलीने विचारलेच, "बाई, ही गोष्ट याच्या डोळ्याची आहे ना?" मी काही म्हणायच्या आत मागून कुणीतरी ओरडले, "तात्पर्य नको! पुढे सांग!"

चौथीलाही तो वर्ग माझ्याकडेच राहिला. पट्टीचे तास कमी होत गेले आणि शेवटी ती सुटली. डावा डोळा उजव्यासारखा कधीच झाला नाही, पण धूर गेला. चेंडू तो दहातून तीन-चार वेळा झेलू लागला. थापा मात्र तशाच होत्या.

१९७८ च्या एप्रिलमध्ये निकालाच्या दिवशी मी प्रगतिपुस्तके वाटत होते. त्याने आपले घेतले, उघडून पाहण्याच्या आधीच त्याची गुंडाळी केली आणि डाव्या डोळ्याला लावली. उजवा हात शेजारी उभा धरला. मी हातातले काम ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. दोन वर्षांत ती गंमत करायला मी त्याला कधी सांगितले नव्हते. माझे धैर्य झाले नव्हते.

"बाई," तो म्हणाला, "पडलं भोक. पण लहान आहे. चार आण्याएवढं."

"खरं?"

"शप्पथ, बाई."

दुसऱ्याला काय दिसते ते बघायला या जगात कुठलीच नळी नाही. मला बरे वाटावे म्हणूनही तो तसे म्हणाला असता. "भोकातून काय दिसतंय?" मी विचारले.

"मागे दारात मोठ्या बाई उभ्या आहेत," तो नळी न हलवता म्हणाला. "आणि त्यांच्या खांद्यावर चिमणी बसलीय."

मी वळून पाहिले. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. चिमणी नव्हती.